जुन्या केबिनला नवी चेसिस देताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या ट्रकची केबिन उचलून आजच्या पिकअपच्या किंवा छोट्या ट्रकच्या चेसिसवर बसवायची हौस आता गावाकडच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांतही पोचली आहे. ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, मळणीयंत्रांचे सांगाडे बांधणाऱ्या आपल्याकडच्या मिस्त्र्यांच्या हातात कसब आहे. पत्रा वळवण्यात आणि जोडण्यात ते कुठेही कमी पडत नाहीत. पण केबिन चेसिसच्या दोन्ही लाँग मेंबरवर, म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या मुख्य पोलादी तुळयांवर, सरळ वेल्ड करून टाकायची पद्धत पडली आहे, आणि तिथेच सगळ्या मेहनतीवर पाणी फिरतं. मुख्यतः त्यासाठी हे पत्र.

त्याआधी एक विनंती. ज्या ट्रकची केबिन, इंजिन, चेसिस तिन्ही अजून एकत्र आहेत, त्याला गॅस कटर लावू नका. १९५४ पासून डेमलर-बेंझच्या सहकार्याने निघालेल्या टाटा-मर्सिडीज असोत, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या डॉज आणि फार्गो असोत की हिंदुस्थान मोटर्सच्या बेडफर्ड असोत, पूर्ण गाडी दुरुस्त करणं हेच योग्य. नवी चेसिस द्यायची ती जिची चेसिस केव्हाच तुटून भंगारात गेली आणि जी आता शेताच्या धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ नुसती पडून आहे, अशा केबिनला.

पहिला प्रश्न जोडीचा. जुन्या नाकवाल्या ट्रकचं इंजिन केबिनच्या पुढे, बोनेटखाली असे. आजच्या बहुतेक मालवाहू ट्रकांत ते सीटखाली असतं आणि ड्रायव्हर पुढच्या एक्सलवर बसतो. अशा चेसिसवर नाकवाली केबिन ठेवली तर इंजिन थेट केबिनच्या फरशीतून वर येतं, आणि स्टेअरिंग बॉक्स जिथे हवा त्याच्या बराच पुढे राहतो. म्हणून नाकवाल्या केबिनला नाकवालीच चेसिस शोधावी, म्हणजे इंजिन पुढे असलेली शिडीची चेसिस (दोन लांब तुळया आणि मधे आडव्या पट्ट्या, शिडीसारखी). जीप ट्रक किंवा जुन्या हलक्या डॉजसारख्या अरुंद केबिनला बोलेरो पिकअपच्या जातीची चेसिस चालू शकते. मोठ्या टाटा-मर्सिडीजची केबिन मात्र पिकअपवर ठेवली की चाकं मडगार्डच्या आत लपतात. मग कोणी हबवर स्पेसर लावून चाक बाहेर काढतो. त्याने बेअरिंगवरचा भार वाढतो आणि स्टेअरिंग जड होतं. मोठ्या केबिनला मध्यम ट्रकचीच चेसिस हवी.

खरेदीआधी चार मापं घ्यावीत. पुढच्या एक्सलच्या मध्यापासून फायरवॉलपर्यंतचं (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या पडद्यापर्यंतचं) अंतर, लाँग मेंबरच्या वरच्या कडेपासून केबिनच्या फरशीपर्यंतची उंची, दोन लाँग मेंबरमधली रुंदी, आणि चाकाच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंतची रुंदी. जुन्या केबिनची मूळ चेसिस नसली तरी मडगार्डच्या कमानीचा मध्य सापडतोच. तिथून ओळंबा सोडला की एक्सल कुठे असायचा ते कळतं. ही मापं चेसिस जॅकवर असताना घेऊ नयेत. चाकं जमिनीवर, हवा बरोबर, इंजिन जागेवर आणि केबिनच्या वजनाइतकी पोती वर ठेवूनच घ्यावीत. मागे शॅकल (हलती कडी) असलेला स्प्रिंगचा पाटा दबला की एक्सल थोडा मागे सरकतो. रिकाम्या चेसिसवर चाक कमानीच्या मध्यात दिसलं तरी वजन पडल्यावर ते मागे गेलेलं दिसतं.

केबिन कापण्याआधी तिला आतून बांधून घ्यावं. दाराखालची पट्टी आणि मागचे खालचे कोपरे बहुतेक सडलेलेच असतात. ते कापले की केबिन उघडते आणि दारं पुन्हा कधीच बसत नाहीत. २५ × २५ मि.मी. चौकोनी पाईप, २ मि.मी. जाडीचा, प्रत्येक दाराच्या चौकटीत एक आडवा आणि एक तिरपा, शिवाय डाव्या-उजव्या खांबांना जोडणारा एक आडवा, असे टाक्यांनी (वेल्डच्या छोट्या ठिपक्यांनी) लावावेत. दारं बिजागऱ्यांवर ठेवूनच नवा पत्रा बसवावा आणि फटी चारही बाजूंनी ४ ते ६ मि.मी. आहेत ना, हे प्रत्येक टाक्यानंतर पाहावं. सडलेला भाग गेला की फरशीखाली ५० × ५० × ३ मि.मी. चौकोनी पाईपची एक चौकट करून ती केबिनलाच वेल्ड करावी. वेल्डिंगची जागा इथे आहे. केबिन आणि ही चौकट मिळून एक वस्तू झाली, तिच्याखाली चेसिस ही वेगळी वस्तू.

आता मुद्द्याचं. शिडीची चेसिस पिळली जावी अशीच बनवलेली असते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर एक चाक चाकोरीत उतरलं आणि तिरपं समोरचं चाक धुऱ्यावर चढलं, की दोन्ही लाँग मेंबर एकमेकांविरुद्ध वळतात. केबिन मात्र पेटीसारखी घट्ट असते, तिला वळता येत नाही. केबिन आणि चेसिस एकमेकांना वेल्ड केल्यावर हा सगळा पीळ केबिनच्या सगळ्यात अशक्त जागी जातो. आधी विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात पत्रा चिरतो, मग काच तडकते, मग एका बाजूचं दार लागेनासं होतं. त्याहून वाईट म्हणजे लाँग मेंबर. तो उच्च ताणाच्या पोलादाचा असतो. वेल्डच्या कडेला उष्णतेने त्या पोलादाचा गुण बदलतो आणि भेग तिथूनच सुरू होते. रंगाखाली ती दिसतही नाही.

केबिनला रबरी फाउंडेशन, म्हणजे रबराची बैठक, हवंच, आणि शक्यतो तीन ठिकाणी. दोन पुढे, फायरवॉलखाली, जितकी दूर-दूर ठेवता येतील तितकी; एक मागे, बरोबर मध्यात, क्रॉस मेंबरवर (दोन लाँग मेंबरना जोडणाऱ्या आडव्या तुळईवर). तिपाई कुठल्याही उंचसखल जमिनीवर टेकते, तसं इथे होतं: चेसिस वळली तरी केबिनला पीळ पोचत नाही. मागच्या फाउंडेशनसाठी केबिनच्या मागच्या कडेखाली ७५ × ४० मि.मी.ची सी-चॅनेल पूर्ण रुंदीभर द्यावी, नाहीतर मधला पत्रा फाटतो. केबिन फार रुंद आणि जड असेल तर मागे दोन फाउंडेशन चालतील, पण ती मऊ हवीत, स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरसह. चारही कोपऱ्यांना सारखंच कडक रबर लावणं म्हणजे वेल्डिंगचाच सौम्य प्रकार.

फाउंडेशनमध्ये रबर दोन असतात, ब्रॅकेटच्या वर एक, खाली एक, आणि मधून लोखंडी नळी. ही नळी बरेच जण वगळतात. नळी नसली की नट जितका आवळाल तितकं रबर चेपतं, दगडासारखं होतं आणि काही महिन्यांत फुटतं. नळीची लांबी दोन्ही रबर आणि मधल्या ब्रॅकेटच्या एकूण उंचीपेक्षा ५ ते ६ मि.मी. कमी ठेवावी. म्हणजे नट नळीवर घट्ट बसतो आणि रबर नेमकं तेवढंच दबतं. बोल्ट लहान केबिनला १२ मि.मी., मोठीला १६, ग्रेड ८.८, वॉशर रबराच्या व्यासाइतका मोठा, नट नायलॉकचा (आत नायलॉनचं कडं असलेला, सैल न होणारा). १२ मि.मी.च्या बोल्टला सुमारे ८० न्यूटन-मीटरचा टॉर्क पुरतो. टायरचे तुकडे कापून रबर करू नये. त्यात दोऱ्याचे थर असतात, ते सारखं दबत नाही.

ब्रॅकेट लहान केबिनला ६ मि.मी. प्लेटचे, मोठीला ८ मि.मी.चे, कोपऱ्यात गसेट (त्रिकोणी आधारपट्टी) देऊन. ते लाँग मेंबरच्या उभ्या बाजूला १०.९ ग्रेडच्या बोल्टांनी जोडावेत, एका ब्रॅकेटला निदान चार. वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नये, कारण वाकण्याचा ताण सगळ्यात जास्त तिथेच असतो. कंपनीने पाडलेली भोकं वापरता आली तर उत्तम. नवीन पाडायचीच तर ड्रिलने, गॅसने कधीच नाही. पट्टीच्या वळणापासून निदान ४० मि.मी. दूर, आणि कडा घासून झिंक रंग लावून.

ब्रॅकेटची जागा ठरवताना केबिन चेनपुलीला चार ठिकाणी बांधून लटकवावी आणि सागाच्या गुटक्यांवर हळूच टेकवावी. चेसिसच्या मध्याची रेष सुतानं जमिनीवर उतरवून घ्यावी, केबिनचा मध्य ओळंब्याने तिच्याशी जुळवावा. इंजिन आणि फायरवॉल यांत निदान ५० मि.मी. मोकळं, कारण इंजिन स्वतःच्या रबरांवर हलतं. केबिन आणि मागच्या बॉडीत ७५ ते १०० मि.मी. मग टाके, मग केबिन उतरवून पूर्ण वेल्ड गाडीपासून दूर. गाडीवर वेल्ड करावाच लागला तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीयूचे (इंजिनच्या संगणकाचे) सॉकेट सोडा आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा. नाहीतर करंट सेन्सरमधून वाट काढतो आणि ईसीयू जातो.

बसवून झाल्यावर एक कसोटी नक्की घ्यावी. पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या चाकाखाली २०० मि.मी. उंचीचे गुटके द्या आणि दोन्ही दारं उघडून लावून पाहा. मग उलट बाजू. दार अडलं किंवा फट एका कोपऱ्यात मिटली, तर फाउंडेशन चुकलं आहे. रंग त्यानंतरच.

स्टेअरिंगबाबत तडजोड नको. स्टेअरिंग बॉक्स चेसिसच्या मूळ जागेवरच राहू द्या. तो सरकवला तर ड्रॅग लिंकचा (बॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, आणि प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला ओढते. केबिनमधून बॉक्सपर्यंत पोचण्यासाठी स्टेअरिंगचा रॉड कापून वेल्ड करण्याची पद्धत ताबडतोब बंद व्हायला हवी. तो वेल्ड तुटतो तेव्हा स्टेअरिंगचं चाक हातात राहतं आणि गाडी सरळ जाते. दाते असलेले तयार जॉइंट मिळतात, तेच वापरा. एका जॉइंटचा कोन ३० अंशांच्या आत ठेवा, दोन्ही जॉइंटचे काटे एका रेषेत ठेवा, आणि तिसरा जॉइंट लागला तर मधे आधाराचं बेअरिंग द्या. धडकेत दबणारा स्टेअरिंग कॉलम चेसिसबरोबर येतो, तोही टाकू नका.

ब्रेक आणि क्लचची पेडलं चेसिसच्या गाडीचीच, त्यांच्या पूर्ण चौकटीसह, ३ मि.मी. प्लेट लावलेल्या फायरवॉलवर. जुन्या केबिनचा पत्रा एकटा वाकतो आणि ब्रेक मऊ लागतो. वायरिंगही पूर्ण उचलावं, कापून जोडू नये. मीटर आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारं यंत्र) सुद्धा, नाहीतर इंजिन सुरूच होत नाही. सीटबेल्टचा बोल्ट नुसत्या पत्र्यात नको. मागे ३ मि.मी. जाडीची, निदान ४० चौरस सें.मी.ची प्लेट हवी, शक्यतो फरशीखालच्या चौकटीला जोडलेली.

उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. चंद्रपूर-वर्ध्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि बोनेटपुढची जुनी जाळी आजच्या टर्बो इंजिनाच्या रेडिएटर-इंटरकूलरला पुरेशी हवा देत नाही. जाळीच्या पुढे नंबरप्लेट किंवा शोभेची पट्टी लावू नये. रेडिएटरच्या चारही बाजूंच्या फटी फोमने बंद कराव्यात, म्हणजे हवा बाजूने न निसटता जाळीतून जाईल. पंख्याचं श्राउड (भोवतालचं आवरण) काढू नये. प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांच्या गाडीत सायलेन्सरमधला धुराचा फिल्टर स्वतःला साफ करताना सुमारे ६०० अंशांपर्यंत तापतो. जुन्या केबिनच्या लाकडी फरशीखाली तो आला, वर कापसाचे पुंजके आणि सोयाबीनचं कुटार साचलं, तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. मधे पत्र्याचा पडदा हवा आणि हंगामात दररोज सफाई. फिल्टर काढून टाकणं हा उपाय नाही. तो बेकायदा आहे आणि गाडीही जोर धरत नाही. फायरवॉलचं प्रत्येक भोक रबरी ग्रोमेटने बंद करा, धूर केबिनमध्ये यायला एक भोक पुरतं. शेवटी धर्मकाट्यावर पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोलून मूळ आकड्यांशी ताडून पाहावं.

कायद्याबद्दल फार गैरसमज आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. कलम १८२अ नुसार विनापरवानगी बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'व्हिंटेज म्हणून पास करून घेऊ' असं सांगणारे दिशाभूल करतात. २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांना ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन बदललं की ती सवलत जाते. गाडीची ओळख चेसिस नंबरावरून ठरते, त्यामुळे नंबर ठोकलेल्या जागेला ग्राइंडर लावू नका. जुन्या केबिनची पाटी नव्या चेसिसवर ठोकणं हा तर सरळ गुन्हा ठरेल. पत्र्याला हात लावण्याआधी आरटीओकडे लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा. परवानगी नसेल तर गाडी स्वतःच्या आवारात, ढाब्यासमोर किंवा प्रदर्शनात राहू द्या आणि नेताना ट्रेलरवर न्या.

परिवहन विभागाने कोणते बदल चालतात आणि कोणते नाहीत याचं साध्या मराठीतलं एक पत्रक काढून प्रत्येक आरटीओत आणि आयटीआयत लावावं, आणि आयटीआयच्या वेल्डर व मोटार मेकॅनिक वर्गांत चेसिसवर कुठे वेल्ड करू नये याचा एक प्रत्यक्ष पाठ असावा, एवढी मागणी आपल्या दैनिकातून पोचवावी.

आपला,
एक वाचक,
हिंगणघाट, जि. वर्धा