सुध्या, तुझ्या पेढ्यांबद्दल

जर्सी सिटी,
गुरुवार, १३ जून १९९१

प्रिय सुध्या,

तीन महिने माझं पत्र नाही, म्हणजे मी मेलो नाही. पाठ दुखते, वजन वाढलंय, नीला आणि पोरगा मजेत. तब्येतीचं प्रकरण इथेच संपवतो.

कुवेत सुटल्यावर तू वाटलेल्या पेढ्यांवर मी चार पानं झोडली होती, त्यावर आलेलं तुझं शेवटचं पत्र मार्चचं. "न्यू जर्सीत हीटर लावून शांततेवर प्रवचनं द्यायला काय जातं? आईचे गुडघे दुखतात." दोन वाक्यं आणि खाली सही, 'सुधीर'! अरे, लायब्ररीच्या कार्डाखेरीज तू कुठे सुधीर म्हणून सही केल्याचं मला आठवत नाही. मी ते पत्र नीलाला दाखवलं. ती म्हणाली, बरोबर लिहिलंय त्याने. मग मी ते पासपोर्टच्या खणात ठेवून दिलं आणि गप्प बसलो. रोज रात्री मनात तुला उत्तर लिहीत होतो, त्यातली काही फार झकास होती. पण सोमवारी जे झालं त्यानंतर त्यातलं एकही पाठवता येणार नाही.

सोमवारी मी कागद उधळले.

थांब, हसू नकोस, नीट सांगतो. आखाती युद्धाच्या विजयाची मिरवणूक होती ब्रॉडवेवर. शनिवारी वॉशिंग्टनला झाली, तिथे रस्त्यावर रणगाडे, वर विमानं. न्यूयॉर्कची पद्धत निराळी. दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींच्या खिडक्यांतून खाली कागदाच्या पट्ट्या सोडतात. पूर्वी शेअरबाजाराचे भाव छापून येत त्या पट्ट्या असायच्या, आता ती यंत्रंच गेली. म्हणून आमच्या मॅनेजरने आठवडाभर आधी फर्मान काढलं की जुने प्रिंटआउट फाडून पिशव्या भरा. कॉम्प्युटरच्या कागदाला कडेने भोकांची पट्टी असते, ती तर आयतीच. आणि सुध्या, त्या पिशव्यांत एप्रिलच्या पगारपत्रकाचे गठ्ठेही गेले. म्हणजे अमेरिकेच्या सेनापतीच्या डोक्यावर आमच्या हेडक्लार्कचा मूळ पगार आणि त्यातून कापलेला कर पडला. हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तू हिशेबातला माणूस, म्हणून तुलाच सांगतोय.

मी त्या दिवशी रजा टाकणार होतो. निषेध! नीला म्हणाली, रजा टाकून घरी टीव्हीवर तेच बघत बसणार, त्यापेक्षा पगार तरी पदरात पाड. गेलो. गाडीत उभं राहायला जागा नाही, पोरांच्या गालांवर झेंडे रंगवलेले, बायकांच्या छातीवर पिवळ्या फिती. मी कोपऱ्यात तोंड पाडून उभा. तुला माझं ते तोंड माहीत आहे. वसंत व्याख्यानमालेचं तोंड, असं तूच म्हणायचास.

दुपारी बाराच्या सुमारास खालून गलका वर आला. अकरावा मजला, जुनी इमारत, खिडक्या उघडतात. युद्धाचे सेनापती श्वार्झकॉफ आले, सेनादलांचे प्रमुख कॉलिन पॉवेल आले, संरक्षणमंत्री चेनी आले. वरून सगळ्यांच्या टोप्या आणि टकलंच दिसतात. मी पाठीमागे टेबलाला टेकून चहा पीत होतो. आमच्याकडे टेलिफोनवर एक बाई बसते, पन्नाशीची, माझं नाव तिला अजून धड उच्चारता येत नाही. तिचा मुलगा ऑगस्टपासून सौदीच्या वाळवंटात होता. एप्रिलमध्ये परत आला, हातीपायी धड. तो त्या मिरवणुकीत नव्हताच, तो टेक्सासला आहे. पण ती खिडकीशी पिशवी घेऊन उभी होती आणि तिच्याच्याने पिशवीचं तोंड सुटेना. हात लटलट कापत होते. तिने मागे बघितलं, तर मीच. म्हणाली, तू टाक, मला नाही जमत.

आता मी काय करायला हवं होतं, सांग. बगदादच्या अमिरियात मेलेल्यांचं नाव काढायला हवं होतं?

मी चहा ठेवला, पिशवी घेतली, गाठ सोडली आणि उधळली. पहिली मूठ नीट फेकली, मग दोन्ही हातांनी, मग पिशवीच उलटी केली. आणि लेका, मला मजा आली! गणपतीत गुलाल उधळताना हाताला जे होतं ना, हात आपला राहत नाही, तसं. सगळं आकाश पांढऱ्या पट्ट्यांनी भरलेलं, त्या खाली पडतच नव्हत्या, दोन इमारतींच्या मधल्या वाऱ्यावर वर चढत होत्या. मी ओरडलोसुद्धा. काय ओरडलो ते विचारू नकोस. बहुतेक 'मोरया'.

तासाभराने मुतारीत आरशात बघितलं तर केसांत, कॉलरमध्ये पट्ट्या. आणि पहिल्यांदा आठवलास तू. त्याच्या मागोमाग आपल्या चाळीतल्या शेवटच्या खोलीतल्या काकू.

तुला एकाहत्तरच्या डिसेंबरातली ती रात्र आठवत नसेल असं मी इतकी वर्षं धरून चाललोय, कारण तसं धरणं मला सोयीचं होतं. खिडक्यांना तपकिरी कागद, दिव्याला काळं फडकं, आणि रेडिओवर इंदिराबाई. ढाका आता स्वतंत्र देशाची स्वतंत्र राजधानी. तू दिवाळीतले उरलेले चार सुतळी बॉम्ब बाहेर काढलेस. तूच काढलेस, त्यावर वाद नको, उदबत्ती मी आणली हे मी कबूल करतो. ब्लॅकआउट उठलेला नसताना आपण तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात बॉम्ब लावला आणि तो शिट्टीवाला वॉर्डन खालच्या संडासात आडवा पडला की पाकिस्तानने चाळीवर टाकला. अजूनही मला त्याच्या पायजम्याची आठवण आली की हसू येतं.

आणि दुसरा बॉम्ब आपण कुणाच्या दाराशी लावला?

काकूंचा वसूदादा नौदलाच्या खुकरी जहाजावर होता. नऊ डिसेंबरच्या रात्री ती बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. तार येऊन तीन दिवस झाले होते, तारेत 'बेपत्ता' होतं. आपल्याला हे माहीत होतं, सुध्या. चौदा वर्षांचे होतो, चार नव्हे. काकू दार उघडून बाहेर आल्या. काय झालं रे, म्हणाल्या. तू म्हणालास, जिंकलो काकू. त्या आत गेल्या, मला वाटलं आता लाटणं घेऊन येतायत, तर साखरेचा डबा घेऊन आल्या आणि आपल्या दोघांच्या हातावर चिमूट चिमूट साखर ठेवली. म्हणाल्या, मग आता पकडलेल्यांना सोडतील ना?

तू खाल्लीस. मी मूठ मिटली आणि मोरीत जाऊन हात धुतला. त्यावरून आपलं पहिलं खरं भांडण, तुला आठवत असो वा नसो. तू म्हणालास, त्यांनी दिली होती, खायची होती. मी म्हणालो, तुला लाज नाही. मॅट्रिकपर्यंत मी ते तुला ऐकवत होतो. वीस वर्षं मी स्वतःला त्या मिटलेल्या मुठीचे मार्क देत आलोय. बॉम्ब लावल्याचे कधी कापले नाहीत.

म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस लिहिलेलं तुझं ते आनंदाचं पत्र जेव्हा आलं की कुवेत सुटलं, मेव्हण्याच्या घरी डोंबिवलीत अख्ख्या मजल्याला पेढे वाटले, तेव्हा मी तुला जे चार पानी उत्तर धाडलं ते तुला नव्हतंच. त्याचा मी कच्चा खर्डा केला होता, हे तुला सांगतो. बगदादच्या अमिरियाच्या आसऱ्यात १३ फेब्रुवारीच्या पहाटे चारशेहून जास्त माणसं भाजून मेली, बहुतेक बायका-पोरं, ते लिहिलं. बसऱ्याच्या रस्त्यावर पळणाऱ्या इराकी गाड्यांची रांग वरून जाळली, ते लिहिलं. जानेवारीत अमेरिकन विमानं मुंबईच्या सहार विमानतळावर तेल भरून जात होती आणि तू त्याची बाजू घेतलीस, त्यावर तर एक परिच्छेद. 'आपला पेट्रोलपंप झाला' हे वाक्य मला फार आवडलं होतं. खरं सांगतो, पत्र पेटीत टाकताना मी खूश होतो.

त्यातलं काही खोटं नव्हतं, आणि आजही मी ते मागे घेत नाही. एवढं मात्र नीट ऐक. टीव्हीवर जे दाखवलं ते बहुतेक हिरव्या अंधारातल्या ठिणग्या होत्या. खाली कोण होतं ते दिसतच नव्हतं. शंभर तासांत जमिनीवरचं युद्ध संपलं म्हणून इथे जो तो छाती फुगवतो. कुवेतमधल्या तेलाच्या सहाशेवर विहिरी पेटवून गेलेत ते इराकी, त्यातल्या कितीतरी अजून जळतायत, तिथे दुपारी काळोख असतो म्हणे. आणि ज्याच्याविरुद्ध हे सगळं केलं तो सद्दाम बगदादमध्ये जागच्या जागी आहे, मार्चमध्ये त्याच्याविरुद्ध उठलेल्यांना त्याने चिरडलं ते निराळंच. मग मिरवणूक कशाची? हा माझा प्रश्न सोमवारी पिशवी उलटी करताना कुठे गेला होता, ते मला सापडत नाहीये.

तुझ्याकडे हा प्रश्नच नाही, आणि तो नसण्याचा तुला हक्क आहे, हे मला मार्चमध्ये दिसायला हवं होतं. गेल्या वर्षी २ ऑगस्टला सकाळी कुवेतमध्ये तू कचेरीत जायला निघालास आणि चौकात सद्दामचा रणगाडा. आठ वर्षांचा संसार कुलूप लावून सोडलास. बसने बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सरहद्दीवरचा तो वाळूतला तळ. ट्रकवरून पाण्याच्या बाटल्या फेकायचे आणि तू, वर्गात खडू मागायला लाजणारा माणूस, दुसऱ्याच्या हातातली ओढून घेतलीस मनीसाठी. हे तू मला फोनवर सांगितलंस, आणि पुढे म्हणालास की ज्याच्या हातातली ओढली तो म्हातारा होता. मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान. लाखावर माणसं आणली त्यांनी, जगात कुणी एवढी आणली नसतील. तू सहारला उतरलास तेव्हा खिशात दिनार होते, पण ते कुणी घेईना, आणि फ्लॅटची किल्ली. परराष्ट्रमंत्री गुजरालसाहेबांनी सद्दामला मारलेल्या मिठीवर मी विनोद केला होता, त्यावर तू म्हणालास, त्या मिठीतून माझी पोरगी घरी आली. तेव्हाही मी गप्प बसायला हवं होतं.

आता ज्याने तुला हाकललं त्याला कुणी हाकललं तर तू पेढे वाटू नयेत तर काय करावं? वाटावेत. मी असतो तर खाल्ला असता. बहुतेक.

पण एक आहे, आणि हे मी भांडायला लिहीत नाही. तुमच्या कुवेतच्या हवाली भागातल्या इमारतीतला तो पॅलेस्टिनी शेजारी, ज्याने ऑगस्टमध्ये तुम्हाला रोज खुबूसच्या रोट्या आणून दिल्या, ज्याच्या बायकोने मनीचा ताप उतरेपर्यंत तिला मांडीवर ठेवलं, त्याचं काय झालं? इथल्या पेपरात रोज येतंय. पॅलेस्टिनींचे नेते अराफत सद्दामच्या बाजूने उभे राहिले म्हणून आता कुवेतमध्ये प्रत्येक पॅलेस्टिनी गद्दार. मारहाण, हद्दपारी. गेल्या महिन्यात तिथल्या लष्करी कायद्याच्या कोर्टाने एकाला सद्दामचं चित्र असलेला टीशर्ट घातला म्हणून पंधरा वर्षं ठोठावली. टीशर्ट, सुध्या! तुझ्या पेढ्यांचा आनंद खरा होता हे मी मान्य केलं. तसाच त्या बाईच्या हातांचा. काकूंच्या साखरेला काय म्हणायचं ते मला अजून कळत नाही. पण त्या शेजाऱ्याच्या दाराशी आत्ता कोण बॉम्ब लावतंय, हे तुला विचारल्याशिवाय मला हे पाकीट बंद करता येत नाही. तुला त्याचा पत्ता ठाऊक आहे, मला नाही.

तू परत जायचं म्हणतोस असं ताईच्या पत्रातून कळलं. जा. म्हणजे जाऊ नकोस असं म्हणणारा मी कोण? धुरात मनीला मात्र लगेच नेऊ नकोस, तिची छाती आधीच नाजूक. तिच्या शाळेचं काय ठरलं, की मेव्हणा अजून ओळखी काढतोय? वहिनींना शिवणाची कामं मिळतायत असंही ताईने लिहिलंय, त्यांना माझा नमस्कार सांग आणि माझं हे पत्र दाखवू नकोस. राजीव गांधींच्या हत्येचं ऐकून इथे दोन दिवस कुणी धड बोललं नाही. मतदान केलंस का? आईच्या गुडघ्यांसाठी इथली एक मलमाची ट्यूब कुणाबरोबर तरी पाठवतो, निदान त्या पत्रातल्या एका वाक्याचं उत्तर तरी होईल.

गिरगावात गेलास तर काकूंकडे डोकावून ये. ताई म्हणते त्यांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत, पण डबा अजून त्यांच्याच हाताशी लागतो. माझं नाव काढू नकोस. किंवा काढ, तुझं तू ठरव.

आणि सहावीतल्या पेनचे साडेतीन रुपये तू मला अजून देणं लागतोस. दिनार चालणार नाहीत.

तुझा,
बाळ्या

ता. क. काल मॅनेजरने एप्रिलच्या पगारपत्रकाचे प्रिंटआउट कुठे आहेत म्हणून विचारलं. मी म्हणालो, शोधतो.