चार घागरी

नागपूर
अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

होळीच्या आधी मी फोनवर म्हणाले, "काकाजी गेले गं," तर तू विचारलंस, "कोण काकाजी?" चौकातल्या पाणपोईचं, त्यांच्या प्याऊचं, नाव काढल्यावर तुझ्या लक्षात आलं, पण तेवढ्यात तुला ऑफिसात कोणीतरी हाक मारली आणि बोलणं राहिलं ते राहिलंच. माझा राग नाही. पाचपावली सोडून तुला अकरा वर्षं झाली. आणि मी तरी धड सांगते कुठे? "ते गेले", "ह्या गेल्या", एवढंच. दिवाळीपासून आपल्या गल्लीतली चार माणसं गेली. काल अक्षय तृतीयेला पितरांच्या घागरी भरताना ठरवलं, आता बसून लिहायचंच.

पेपरात सगळ्यांचं आलं होतं. कात्रणं मी ठेवली आहेत. निधनवार्तांच्या रकान्यात बोटभर जागा. वय, मागे पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा आप्तपरिवार, अंत्ययात्रा राहत्या घरून अमुक वाजता निघेल. खोटं काही नाही त्यात. पण आबाजींच्या बातमीत माग नाही आणि काकाजींच्या बातमीत पाणी नाही. त्यांना न ओळखणाऱ्याने ती वाचली तर त्याला काय कळणार?

काल सकाळी मी बाजारातून सहा लाल घागरी आणल्या. तुझ्या बाबांनी त्या मोजल्या. "दोन आई-बाबांच्या. बाकी चार कोणाच्या?" मी सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "त्यांच्या घरचे भरतील ना. आपल्या पितरांत ते कुठे येतात?" रीतीने पाहिलं तर त्यांचं बरोबरच आहे. मी म्हटलं, "पोरीच्या जन्माच्या वेळी रात्री दोनला मी कोणाचं दार वाजवलं होतं?" त्यावर ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि घागरींखाली पसरायला गव्हाचा डबा घेऊन आले.

पहिली घागर कोष्टी आबाजींची. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा पहाटे गल्लीत ताणा पसरलेला असायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून दोघं-तिघं कुंच्याने खळ लावत पुढे-मागे चालायचे, आणि ते आटपेपर्यंत कोणी सायकल बाहेर काढायची नाही. सासूबाईंनी मला घरातल्या रीतींच्या आधी ही रीत सांगितली होती. नागपुरी लुगडं विणणारी ही घरं. लोक आता लांबून येऊन सावजी रस्सा खातात ना, तो यांच्याच चुलीवरचा. माग बंद पडले तशा कितीतरी बायकांनी खाणावळी काढून घर चालवलं. आबाजींची मालकीणही त्यातलीच.

तू सुट्टीत त्यांच्याकडे कांड्या भरायला जायचीस. आठवतं? चरखा तुझ्यापेक्षा मोठा होता. दहा कांड्यांना एक रुपया ते तुला द्यायचे, आणि सूत तुटलं की रागवायचे नाहीत. तुटलेली दोन टोकं चिमटीत धरून अशी काही पिळायचे की गाठ दिसायचीही नाही. "गाठ दिसली की लुगडं नेसनारीच्या पोटाले खुपते," म्हणायचे. त्यांचा माग खड्ड्याचा. काठावर बसायचं, पाय खाली खड्ड्यात सोडायचे, आणि पावड्या दाबायच्या. पुढे मुलाने खड्डा बुजवून फरशी घातली. तिथे आता फ्रिज आहे.

शेवटचे वीसेक दिवस ते खाटेवरच होते. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायची. बोलणं गेलं होतं, ओळखही गेली होती, पण चादरीखाली पाय चालायचे. डावा दाबला, सोडला, उजवा दाबला, सोडला. सून म्हणाली, "पाय दुखत असतील, म्हणून हलवतात." मी त्यांचा पाय हातात धरून पाहिला. दुखणाऱ्या पायाची ती हालचाल नव्हती, तिला ठेका होता. मी परत चादर घातली आणि विणू दिलं त्यांना. दिवाळीच्या चौथ्या दिवशी गेले.

दुसरी घागर सिस्टरबाईंची, पण ती मी पूजेला मांडली नाही. कारण सांगते.

मेयो हॉस्पिटलात त्यांनी तेहेतीस वर्षं नर्सची नोकरी केली. तुझ्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा तुझे बाबा गावाला गेले होते आणि सासूबाईंना रात्रीचं दिसायचं नाही. दार वाजवलं तर त्या दिवसभराची ड्यूटी करून नुकत्या निजलेल्या. उठल्या, केसांचा अंबाडा घातला, माझ्या पायात स्वतःची चप्पल सरकवली आणि रिक्षात बसवून घेऊन गेल्या. आपल्या घरचं कोणी येण्याआधी तुला पहिल्यांदा हातात घेतलं ते त्यांनीच. गल्लीतल्या किती पोरांना त्यांनी इंजेक्शनं दिली असतील! पैसे कधी घेतले नाहीत. फक्त रडणाऱ्या पोराला म्हणायच्या, "रड, पन हालू नको."

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. पांढरे कपडे घालून यायचं ठरलेलं, आणि त्यांच्या आईकडे पांढरं लुगडं नव्हतं. शेजारणीचं मागून आणलं, रात्री धुतलं, आणि सकाळी अर्धवट ओलंच नेसून आई निघाली. "मले दुसरं काही आठवत नाही," त्या म्हणायच्या, "मी आईचा पदर धरला होता, आनं तो ओला लागत होता." पुढे दरवर्षी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात त्या दिवसांत त्या कधी घरी थांबल्या नाहीत. कापूस, आयोडीन, पट्ट्या पिशवीत घालून रस्त्याच्या कडेला बसायच्या. लांबून चालत आलेल्यांच्या पायाचे फोड धुवायच्या, पट्टी बांधायच्या. एका वर्षी मीही गेले होते त्यांच्याबरोबर, पाणी ओतून द्यायला. एक म्हातारे गृहस्थ पाय पुढे करायला लाजत होते. बाईंनी त्यांचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला.

आता घागरीचं. बावीस प्रतिज्ञांमध्ये एक आहे, श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. त्यांनी ती आयुष्यभर पाळली. सासूबाईंच्या तेरवीला आल्या, चार तास पोळ्या लाटल्या, पण पानाला हात जोडले नाहीत, आणि मला आधी बाजूला घेऊन तसं सांगितलंही होतं. मग मी माझ्या मायेपोटी त्यांच्या नावाने कुंकू वाहायचं आणि घास ठेवायचा, हे त्यांना कसं चाललं असतं? जिवंतपणी त्यांचा मान ठेवला तो आता कसा मोडू? त्यांची घागर मी न पूजता, सकाळीच धुऊन भरून चौकात प्याऊवर नेऊन ठेवली. त्यांच्या लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, आईले हेच आवडलं असतं." ती विहारात मेणबत्ती लावून आली होती.

आणि प्याऊ म्हटलं की काकाजी.

काकाजींच्या तीन पिढ्या एम्प्रेस मिलमध्ये गेल्या. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी ती मिल सुरू केली, त्याच दिवशी तिकडे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून हे नाव. ही तारीख काकाजी आपल्या वाढदिवसासारखी सांगायचे. भोंगा झाला की गल्लीतली घड्याळं जुळायची, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. २००२ मध्ये मिल कायमची बंद झाली तेव्हा ते पन्नाशीत होते. मग चौकातल्या कडुलिंबाखाली पंक्चर काढायला बसले. तुझ्या पहिल्या सायकलचं सीट त्यांनी दर वर्षी थोडंथोडं वर चढवून दिलं होतं.

प्याऊ त्यांनी मिल बंद झाली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात सुरू केली. लाकडी बाक, त्यावर चार रांजण, वाळ्याच्या पुरचुंड्या, लांब दांड्याचं ओगराळं. पंक्चर काढलेले काळे हात पाण्याला लागू नयेत म्हणून बाकाच्या कडेला साबण दोरीने टांगलेला. प्रत्येक वेळी हात धुऊनच पाणी द्यायचे, मग समोर कितीही माणसं उभी असोत. २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे ४७.९ अंशांची नोंद झाली, त्या दिवशी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तू कॉलेजचा पेपर देऊन भर दुपारी परत आलीस, आणि त्यांनी तुला थांबवलं. "काहून व, अशी तोंड लाल करून कुठी पळतं? बस पयले. एकदम पेऊ नको, घोट घोट पे." ओलं पोतं रांजणावरून काढून त्यांनी तुझ्या डोक्यावर धरलं होतं. घरी येऊन तू चिडली होतीस, पोत्याचा वास केसांना लागला म्हणून. मी तेव्हा तुझ्यावर हसले होते. काल ते आठवून रडू आलं.

गेले ते झोपेत. गंगाबाई घाटावर माणूस मावत नव्हतं. त्यात निम्मे रिक्षावाले, हमाल, डबे पोचवणारी पोरं. त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत, घरच्यांनाही नव्हती.

चौथ्याविषयी मला फार लिहवत नाही. तो तुझ्याच वर्गातला. दहावीनंतर कूलर दुरुस्तीचं शिकला, रात्री कामावरून परत येताना गाडी घसरली आणि गेला. एकतीस वर्षांचा. तुला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तू कितीतरी वेळ बोललीच नाहीस. गेल्या आठवड्यात कूलर काढला, गवत बदलायला ताटी उघडली, तर आतल्या पत्र्यावर त्याच्या हातचं होतं, काळ्या मार्करने: "मोटर नवी, १२ एप्रिल. काकू, पाणी कमी असताना चालू करू नका." मी तो पत्रा पुसला नाही.

त्याची आई काल आपल्याकडे आली. मी घागर दाराआड मांडली होती, तिला दिसू नये म्हणून. पोराच्या नावाची घागर कोणत्या आईने पाहावी? पण तिला दिसली. ती खाली बसली. मला वाटलं आता उठणारच नाही. मग म्हणाली, "त्याले चिंचोणी नाही आवडे. पन्हं आहे का?" मी पातेल्यातलं पन्हं दिलं. तिने पेला घागरीजवळ ठेवला, पाण्याची धार तिनेच धरली. पुरणपोळी, कढी-वडे, कुरड्या, सगळं पान मांडलेलं होतं, पण आम्ही दोघींनीही त्या पेल्याशिवाय दुसरीकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी तुझे बाबा आणि गल्लीतली दोन पोरं पाचही घागरी उचलून प्याऊवर घेऊन गेले. तिथे बाईंची सहावी होतीच. पूजलेली घागर पाण्यासकट दान करायची ही रीत आपल्याकडे आहेच, ती फक्त या वर्षी चौकात केली. काकाजींचे रांजण होळीपासून उलटे पडले होते, एकाला तडा गेला आहे. उरलेले तीन मी काथ्याने घासले. साबण नवा बांधला.

आज सकाळी मी भाजीला गेले तर एक ऊसवाला गाडी लावून पाणी पीत होता. त्याने ओगराळं खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हातारबा कुठी गेले?" मी सांगितलं. तो काही बोलला नाही. आणखी अर्धं ओगराळं प्यायला, आणि जाताना घागरीवर झाकण नीट बसवून गेला.

जूनमध्ये येशील तेव्हा कूलरवाल्याच्या आईकडे जा. रिकाम्या हाताने जा, काही नेऊ नकोस, फक्त बस. आबाजींच्या सुनेने त्यांच्या मागाचा धोटा तुझ्यासाठी काढून ठेवला आहे. अंगठा लागून लागून लाकडाला एका जागी खळगा पडला आहे, तिथे तुझा अंगठा ठेवून बघ.

पाणी भरायच्या पाळ्या लावल्या आहेत, हा आठवडा आपल्याकडे आहे. नळ आला वाटतं, बाबा खालून हाका मारताहेत. थांबते.

तुझी
आई