तालमीतली छातीची कळ पित्ताची समजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनांचा बेकायदा साठा पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि चर्चा कारवाईपाशीच थांबते. ते टोचून घेतलेल्या मुलाच्या छातीत कळ आली तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे, हे तालमींत आणि जिममध्ये कोणी तरी शिकवायला हवे.

भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब सावरण्यासाठी भूलतज्ज्ञ जे औषध मोजून वापरतात, तेच ही मुले दम वाढावा म्हणून घेतात आणि लगेच मेहनतीला लागतात. रक्तदाब एकदम चढतो, हृदयाच्या रक्तवाहिन्या आखडू शकतात, ठोक्यांची लय बिघडते. एमडी (मेफेड्रोन) आणि कोकेन या अमली पदार्थांनीही हेच होऊ शकते. पंचविशीतल्या पैलवानाला हार्ट अटॅक कसा येईल, हा समज इथे जिवावर बेततो.

आपत्कालीन विभागात परिचारिका म्हणून काम करताना मी पाहिले आहे, की सोबतचे मित्र ‘सकाळी मिसळ खाल्ली होती, पित्त असेल’ असे सांगतात आणि त्यांच्यातलाच एक जण हळूच बाहेर जाऊन बाटली फेकून येतो. पोलिसांची आणि घरच्यांची भीती मला कळते. परंतु काय घेतले हे कळले तर उपचारच बदलतात. अशा रुग्णाला आधी शांत करणारे औषध लागते आणि हृदयरुग्णांना एरवी दिली जाणारी बीटा ब्लॉकर औषधे फार जपून द्यावी लागतात. म्हणून बाटली सोबत आणावी.

छातीत कळ, धडधड, अंग तापणे किंवा बरळणे दिसताच व्यायाम थांबवून मुलाला बसवावे, ओल्या फडक्याने अंग गार करावे आणि १०८ ला फोन करावा. मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नये. तो बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला किंवा नुसते आचके येऊ लागले, तर कांदा हुंगवण्यात वेळ न दवडता छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटीमीटर खोल दाब देत राहावे. दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटामागे वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

महापालिकेने आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने मिळून प्रत्येक तालमीतल्या वस्तादांना व जिमच्या प्रशिक्षकांना हे प्रात्यक्षिकासह शिकवावे, आणि खासबाग मैदानात कुस्त्या असतील त्या दिवशी डीफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देऊन ठोक्यांची लय सावरणारे यंत्र) व ते चालवणारा माणूस आखाड्याजवळच असावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक निवृत्त परिचारिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर