काकी, तुमच्या सुपांनी माझा ओवसा झाला

प्रिय काकी,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ठेव गो आता, पोर रडतेय बघ" म्हणून विषय तोडता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. थोरल्या जाऊबाई वाचून दाखवतील, त्यांना मध्येच थांबवू नका.

आमचं लग्न मे 2023 चं. त्या वर्षी गौरी आल्या तेव्हा उत्तरा नक्षत्र लागलेलं, आणि आपल्याकडे पूर्वा नक्षत्रात गौर आली तरच नव्या सुनेचा ओवसा, म्हणजे भरलेल्या सुपांनी गौरीला ओवाळणं. 2024 ला पूर्वा होत्या, तर मला सातवा महिना. डॉक्टरांनी विमानाचं नाव काढू दिलं नाही. 2025 ला परत पूर्वा जुळून आल्या आणि इथे बहारीनला सुट्टी नाकारली गेली. जूनमधल्या त्या संध्याकाळी मी मनामाच्या स्वयंपाकघरात उभी राहून तुमच्याजवळ रडले. सासूबाईंना सांगायची हिंमत नव्हती. तुम्ही समजूत घातली नाहीत. एवढंच विचारलंत, "तिथं ओली हळद मिळते काय?"

मिळते. डोळे फुटलेला गड्डा बघून घे, कुंडीत लाव, कुंडी उन्हात ठेवू नको, असं तुम्ही सांगितलंत. इथलं ऊन म्हणजे जुलैत चाळिशीच्या वर. कुंडी मी सिंकच्या वरच्या खिडकीत ठेवली. गावाहून सुपात घालायला हळदीची पानं येणं शक्य नव्हतं, हे तुम्हाला माझ्याआधी सुचलं होतं.

मग जुलैअखेर खालच्या वाडीतले भावोजी रजा संपवून परत आले, त्यांच्या हातून तुमचं गाठोडं आलं. जुन्या मऊ लुगड्यात बांधलेली, एकात एक बसवलेली पाच सुपं. बुरुडाकडून मुद्दाम लहान मापाची करून घेतलेली, बॅगेत मावतील अशी. गाठ सोडली आणि घरभर ओल्या बांबूचा वास सुटला. वरच्या सुपात सुताची गुंडी, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका, बदाम, फणी-करंडे आणि वहीच्या पानावर तुमचं अक्षर: "सूत पाच फेरे. कमी नाही." तो कागद मी अजून देवाजवळ ठेवलाय.

गौरीपर्यंत हळदीला चारच पानं धरली. घाबरत घाबरत तुम्हाला विचारलं, तर म्हणालात, "एकाची दोन कर. गौराय काय मोजत बसत नाय."

आता जे सांगायचं ते सांगते.

वाडीतल्या कितीतरी सुनांची सुपं तुम्ही भरलीत. काय घालायचं, सूत कसं गुंडाळायचं, सगळ्या तुम्हालाच विचारतात. पण काका गेल्यापासून ओवसायच्या वेळी तुम्ही पडवीतच थांबता. कोणी 'थांबा' म्हणत नाही, आणि कोणी 'या' पण म्हणत नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तेच करायला सांगितलं. आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत मात्र ते पोचलं नव्हतं. माझा ओवसा फोनवरून व्हायचा ठरला तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, गौरीसमोर फोन काकींनी धरावा. दोन दिवस त्या काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला, "सगळं तिनं केलंन, मग फोन दुसरी कोण धरील?"

31 ऑगस्टला गौर पाणवठ्यावरून घरी आली, भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तुमचे सकाळचे अकरा आणि माझे साडेआठ. मी हिरवी साडी नेसून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसलेले. हे लेकीला मांडीवर घेऊन बाजूला. फोनमध्ये आधी पडवी दिसली, मग उंबरा, आणि मग बराच वेळ नुसता उंबराच. तुम्ही थांबला होतात. सासूबाईंचा आवाज आला, "ये गो आत, पोरगी खोळंबलीय."

मग तेरड्याची गौर दिसली, मोतिया रंगाच्या साडीतली, मुखवट्यावर नथ. मी एकेक सूप उचलून ओवाळलं. बाहेर पाऊस कोसळत होता, रेंज जात-येत होती, पण फोन हलला नाही. साधारण पाऊण तास तुम्ही हात खाली घेतला नाहीत. शेवटच्या सुपाला चित्र जरा थरथरलं. हात भरून आला असेल असं मला वाटलं. जाऊबाईंनी नंतर सांगितलं, तुम्ही रडत होतात.

काकी, तुम्ही माझ्या रक्ताच्या नाही, भावकीतल्याही नाही. माझा राहिलेला ओवसा तुम्ही समुद्रापलीकडे पुरा करून दिलात. तुमचे उपकार मोठे आहेत आणि ते मला उतरवायचेही नाहीत.

चार सुपांची वाणं इथल्या ओळखीच्या बायकांना दिली. पाचवं तुमचं आहे. तुमच्याच लुगड्यात बांधून कपाटावर ठेवलंय. मे महिन्यात आम्ही येतोय. ते सूप तुमच्या ओटीत घालणार आहे, आपल्या माजघरात. सासूबाईंना विचारून ठेवलंय. त्या म्हणाल्या, साडी मी आणते.

हळदीची कुंडी अजून हिरवी आहे. गड्डे कधी काढायचे ते कळवा.

तुमची,
वरच्या वाडीतली धाकटी सून