अधिसूचनेने बदललेला कायदा: विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, विधी व न्याय विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

महोदय,
सादर नमस्कार.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्याच सरकारच्या शालेय शिक्षण विभागाने राजपत्रात एक अधिसूचना प्रसिद्ध केली. संसदेने २००९ साली केलेला शिक्षण हक्क कायदा खासगी विनाअनुदानित शाळांना सांगतो की, प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्या. या अधिसूचनेने राज्याच्या २०११ च्या नियमांत एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, घातले: शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला यातून सूट.

आता मुंबईत एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही अशी जागा शोधायची, तर आरेच्या जंगलात शिरावे लागेल, आणि तिथेही खात्री नाही. म्हणजे संसदेने दिलेला हक्क या शहरापुरता जवळजवळ संपलाच होता. त्यासाठी ना विधेयक आले, ना चर्चा झाली, ना कुणा आमदाराला हात वर करावा लागला. ६ मे रोजी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १९ जुलैला हा बदल मूळ कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केला. शाळा जूनमध्येच सुरू झाल्या होत्या. ज्यांनी अर्ज भरले होते, ते पालक जुलै उजाडला तरी आपल्या पोराचे नाव कुठल्या पटावर लागणार याची वाट पाहत होते.

दोनच महिन्यांनी, २० सप्टेंबर २०२४ रोजी, याच न्यायालयात आणखी एक दुरुस्ती रद्द ठरली. ती केंद्राची होती. समाजमाध्यमांवरचा सरकारी कारभाराविषयीचा मजकूर खरा की खोटा हे सरकारच्याच कक्षाने ठरवायचे, अशी तरतूद २०२३ च्या एप्रिलमध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत घुसवली होती. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, तिसऱ्यांकडे प्रकरण गेले आणि मग निकाल लागला. ज्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढता आली त्यांच्यामुळे या दोन गोष्टी उघड्या पडल्या. बाकीच्यांचे काय?

मी मुंबईच्या खालच्या कोर्टांत वकिली करतो आणि कायद्याखाली नियम करण्याच्या सरकारच्या अधिकाराविरुद्ध माझी तक्रार नाही. तपशील नियमांवर सोडावेच लागतात. धोरण विधिमंडळाचे आणि तपशील सरकारचा, ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाने १९५१ सालीच मान्य केली आहे. पण तपशील म्हणजे किरकोळ, असे धरून चालू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, म्हणते की समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही बजावता येईल, ते कसे हे राज्य सरकारने नियमांनी ठरवायचे. आता समन्स मोबाइलवर पाठवले म्हणजे बजावले, की उघडून वाचले म्हणजे? घरात फोन एकच आणि तो मुलाकडे असेल तर? सिमकार्ड बदलले असेल तर? या प्रश्नांच्या उत्तरावर एखाद्याच्या नावे वॉरंट निघते किंवा निघत नाही. ही उत्तरे संहितेत नाहीत, ती नियमांत येतात.

आणि ते नियम वाचायचे कसे, हे एकदा स्वतः करून पाहा. दुरुस्तीची अधिसूचना साधारण अशी असते: ‘मुख्य नियमांच्या नियम अमुकमधील, पोट-नियम तमुकमध्ये, “तीस दिवस” या शब्दांऐवजी “पंधरा दिवस” हे शब्द दाखल करण्यात येतील.’ कशासाठीचे तीस दिवस? ते कळायला मूळ नियम हवेत. विभागाच्या संकेतस्थळावर मूळ नियमांची स्कॅन केलेली, वाकडी प्रत सापडते. मधल्या दुरुस्त्या वेगवेगळ्या वर्षांच्या राजपत्रांत पसरलेल्या असतात. मग आम्ही वकील खासगी प्रकाशकांची पुस्तके विकत घेतो आणि त्यांच्या समासात पेन्सिलीने नवे शब्द लिहितो. फोर्टातल्या कुठल्याही वकिलाचे पुस्तक उघडा, गोधडीसारखे ठिगळ लावलेले दिसेल. पक्षकाराकडे तर तेही नसते. सरकारी नियमांचा आजचा पूर्ण मजकूर सरकारकडून मिळू नये, हे मला तरी पटत नाही.

नियम लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या बाबतीत न्यायालयांनी सरकारला पुरेशी सवलत दिली आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाला निघालेल्या एका जर्मन प्रवाशाचे विमान सांताक्रूझला उतरले आणि त्याच्या अंगावर चौतीस किलो सोने सापडले. विमानाच्या मालयादीत न नोंदवता असे सोने वाटेतही देशात आणायला मनाई करणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना २४ तारखेला राजपत्रात आली होती. हा निघाला २७ तारखेला. मला माहीत नव्हते, असे त्याचे म्हणणे. उच्च न्यायालयाने त्याला सोडले, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी ठरवले: राजपत्रात छापले म्हणजे पुरे. (तस्करच होता, त्याच्याबद्दल हळहळ नको.) पण तो दंडक आज मुलुंडच्या सोसायटीच्या सचिवालाही लागू आहे आणि विक्रोळीच्या रिक्षावाल्यालाही.

मसुद्यावर हरकती मागवता, हे मान्य. माझ्या काही हरकती मीही मंत्रालयात नेऊन दिल्या आहेत. आवक शिक्का मिळतो, पुढे काही नाही. अंतिम अधिसूचनेत मात्र ‘प्राप्त झालेल्या हरकती व सूचना शासनाने विचारात घेतल्या आहेत’ हे वाक्य न चुकता असते. हरकती दोन असोत की दोन हजार, वाक्य तेच. कोणती सूचना का नाकारली, याची एक ओळही नसते.

पुढे नियम सभागृहाच्या पटलावर ठेवले जातात. त्या गठ्ठ्यातली किती पाने कोण वाचतो, हे आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. छाननीसाठी विधिमंडळाची समिती आहे. तिचा अहवाल बातमीत आल्याचे मला आठवत नाही.

दिरंगाईचा प्रकार वेगळाच. २०१९ मध्ये सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण तेरा-ब आले. त्याच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी निघाला २०२५ च्या एप्रिलमध्ये. थकबाकीवरचे व्याज २१ वरून १२ टक्क्यांवर आणण्यासारख्या गोष्टी त्यात होत्या, ज्यांवर या शहरातल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभांत खुर्च्या उचलायची वेळ येते. सहा वर्षे लोक कायदा नवा, नियम जुने अशा कात्रीत होते.

म्हणून मागणी सरळ आहे. दुरुस्ती प्रसिद्ध होईल त्याच दिवशी, त्याच संकेतस्थळावर, दुरुस्तीसह पूर्ण नियम मराठीत आणि शोधता येतील अशा मजकुरात ठेवा. जुना शब्द आणि नवा शब्द शेजारी दिसू द्या. हरकतींचा गोषवारा आणि सरकारचे उत्तर अंतिम अधिसूचनेबरोबर छापा. तातडी नसेल तिथे प्रसिद्धी आणि अंमल यांत काही आठवडे ठेवा. आणि नियमामुळे एखाद्याचा मूळ कायद्यातला हक्क कमी होत असेल, तर तो राजपत्राकडे न पाठवता विधेयक म्हणून सभागृहात आणा. यातल्या पहिल्या चारही गोष्टींना कायदा बदलावा लागत नाही. आपल्या विभागाचे एक परिपत्रक पुरेल. सुरुवात शालेय शिक्षण आणि सहकार या दोन विभागांपासून केलीत तरी चालेल.

कळावे,

आपला,
मुंबईतील एक वकील