दोन सेट, एक बसबार

चि. मीरास,
अनेक आशीर्वाद.

तुझे दोन्ही डिझेल जनरेटर सेट पाचशे किलोवॅटचे, एकाच बसबारवर, म्हणजे दोघांची वीज एकत्र येते त्या पट्टीवर. सकाळी ट्रिमर, म्हणजे वेग लावायचा नॉब, फिरवून दोघांवर अडीचशे-अडीचशे लोड आणलास आणि दुपारी पुन्हा एक दमलेला, दुसरा निवांत. यात ट्रिमरचा दोष नाही. दोघांचा ड्रूप (तो काय ते पुढे सांगते) सारखा नाही, आणि ते ट्रिमरने कधीच दुरुस्त होणार नाही.

सेट एकटा चालत असतो तेव्हा गव्हर्नर, म्हणजे इंजिनला डिझेल कमी-जास्त देणारा भाग, वेग सांभाळतो. ब्रेकर, म्हणजे बसबारला जोडणारा मोठा स्विच, लागून सेट दुसऱ्याशी जोडला गेला की दोघांची फ्रिक्वेन्सी एकच होते, कोणीही स्वतंत्रपणे पुढे धावू शकत नाही. अशा वेळी स्पीड वाढव म्हणून सांगितलं तर गव्हर्नर डिझेल वाढवतो, पण त्या डिझेलचा वेग होत नाही, किलोवॅट होतात. फ्रिक्वेन्सी किंचितच वर सरकते. ती जागची हलू नये असं वाटत असेल तर एकाचा ट्रिमर वर आणि त्याच वेळी दुसऱ्याचा खाली, असं करावं.

ड्रूप म्हणजे लोड वाढेल तसा गव्हर्नरने मुद्दाम सोडलेला वेग. ४ टक्के ड्रूप असेल तर विनालोड ५२ हर्ट्झ आणि पूर्ण लोडला ५०. चार पोलच्या मशीनला हेच १५६० आणि १५०० आरपीएम. आता तुझ्या एका सेटचा ड्रूप ३ टक्के आणि दुसऱ्याचा ५ आहे असं धर. अडीचशे-अडीचशेवर जुळवल्यानंतर एकूण लोड चारशेने वाढला, तर ३ टक्केवाला २५० उचलतो आणि ५ टक्केवाला फक्त १५०. म्हणजे एकूण ९०० वरच पहिला पाचशेला टेकतो आणि दुसरा चारशेवर असतो. उलट लोड उतरून शंभरवर आला की पहिला शून्यावर येतो. त्याखाली गेलं की दुसराच त्याला मोटरसारखा फिरवू लागतो आणि उलट्या वाहणाऱ्या विजेवर नजर ठेवणारा रिव्हर्स पॉवर रिले त्याचा ब्रेकर पाडतो. ज्याचा ड्रूप कमी तो चढ-उतार दोन्ही जास्त झेलतो, हे लक्षात ठेव.

तपासायची पद्धत सोपी आहे, फक्त धीर हवा. प्रत्येक सेट एकेकटा चालव. विनालोड ५२ हर्ट्झ लाव आणि त्यानंतर ट्रिमरला अजिबात हात लावू नकोस. पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण असा लोड दे आणि दर टप्प्याला काटा स्थिरावल्यावर वाच. ड्रूप ४ टक्के असेल तर ५१.५, ५१, ५०.५, ५० दिसायला हवेत. मग त्याच पायऱ्यांनी लोड उतरव आणि पुन्हा वाच. हे उतरतानाचं वाचन बरेच जण टाळतात, पण खरी गोम तिथेच कळते. चढताना आणि उतरताना एकाच लोडला वेगळे आकडे आले तर लिंकेजमध्ये, म्हणजे गव्हर्नरपासून डिझेल पंपापर्यंतच्या दांड्यांमध्ये, ढिलाई किंवा घर्षण आहे. बॉल जॉइंट झिजलेत का, रॅक, म्हणजे पंपातली डिझेलचं प्रमाण ठरवणारी दांडी, कुठे अडकतो का, ते हाताने पाहा, इंजिन बंद ठेवून. हे निस्तरल्याशिवाय ड्रूपच्या स्क्रूला हात लावण्यात अर्थ नाही.

तुझे गव्हर्नर यांत्रिक असतील तर आणखी एक गोष्ट. त्यांना किलोवॅट कळत नाहीत, रॅक किती सरकला एवढंच कळतं. डिझेल फिल्टर तुंबला की रॅक पुढे जातो, पण ताकद येत नाही. ड्रूप अगदी बरोबर असूनही तो सेट मागे पडतो. सारख्या किलोवॅटला दोन्ही रॅकची खूण जुळते का, ते बघ.

फ्रिक्वेन्सी पडते म्हणून कोणी दोन्ही गव्हर्नर आयसोक्रोनसवर, म्हणजे ड्रूप शून्य करून लोड कितीही असला तरी एकाच वेगावर, टाकायला सांगेल, तर ऐकू नकोस. लोड वाटून घ्यायला दोन्ही गव्हर्नरना जोडणारी लोड शेअरिंगची तार नसेल तर दोघेही आपलाच वेग खरा धरतात. सेटिंगमधला केसाएवढा फरकही एकाला पूर्ण लोडवर नेतो आणि दुसऱ्याला रिकामा करतो. एक आयसोक्रोनस आणि दुसरा ड्रूपवर चालतं, पण मग सगळा चढ-उतार पहिल्यावर येतो. तेवढी जागा त्याच्यात ठेवावी लागते, वर आणि खालीही.

आणि हे सगळं किलोवॅट मीटरवर बघ, अँपिअरवर नाही. किलोवॅट जुळलेले असताना अँपिअर वेगळे दिसले, तर गव्हर्नर सोड आणि एव्हीआरकडे, म्हणजे व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागाकडे, जा.

दोन्ही सेटचे चढते-उतरते आकडे लिहून पाठव.

तुझी आई