चौदा ओळींत नसलेली ओळ

परळ, मुंबई
सोमवार, रात्र

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल डबा घेऊन तुझ्या गोरेगावच्या खोलीवर आले, तेव्हा भिंतीवरचा तक्ता वाचला. तुला न विचारता वाचला, म्हणून आधी सांगून टाकते. पहाटे पाचला उठणे, धावणे, वीस पानं वाचन, साखर बंद, रात्री मोबाईल बंद, अशा १४ ओळी. पहिले सहा दिवस हिरव्या खुणा, मग लाल फुल्या आणि दहा तारखेनंतर नुसत्या रिकाम्या चौकटी. "आई, मला काहीच धड जमत नाही," असं फोनवर म्हणालास, ते यामुळेच ना?

अरे, चौदा गोष्टी एकदम कुणालाच जमत नाहीत. अमेरिकेतले थोर पुढारी बेंजामिन फ्रँकलिन, त्यांचंच बघ ना. त्याने तरुणपणी १३ गुणांची यादी केली होती. पण एका आठवड्यात एकाच गुणावर भर द्यायचा, बाकीचे रोजच्यासारखे चालू द्यायचे. चुकलं की वहीत त्या दिवसाखाली काळा ठिपका. १३ आठवड्यांची एक फेरी, वर्षात ४ फेऱ्या. एवढं करूनही व्यवस्थितपणा काही अंगी बाणला नाही, हे त्याने आत्मचरित्रात सरळ कबूल केलंय. तेव्हा तू त्या फुल्या बघून खचू नकोस.

मला खटकलं ते वेगळंच. त्या चौदा ओळींत तुझ्याशिवाय दुसरं माणूसच नाही. पहाटे उठणं चांगलंच. पण बाबासाहेब शाळेत असताना परळच्या चाळीत एका खोलीत सगळं घर राहायचं. रामजीबाबा मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला अभ्यासाला उठवून आपण झोपायचे. त्या पहाटेच्या अभ्यासात बापाची अर्धी रात्र होती. आपली प्रत्येक सवय कुणाच्या तरी जिवाला लागलेली असते, बाळा.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते लिहिते. १९९८ साली मी नोकरीला नवीन होते. नाइट ड्यूटी, वॉर्ड भरलेला, जमिनीवरही गाद्या. १७ आणि १९ नंबरच्या बेडवर एकाच आडनावाचे दोन पेशंट. औषध देताना योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाच प्रश्न दर वेळी मनात विचारायचे असतात. त्या रात्री मी पहिलाच विसरले. १९ नंबरच्या बाबांची ब्लडप्रेशरची गोळी १७ नंबरच्या बाबांना दिली. अर्ध्या तासाने ट्रॉली आवरताना लक्षात आलं आणि हातपाय गार पडले.

कुणी पाहिलं नव्हतं. चार्टवर सही झालेली होती. म्हातारबाबा शांत झोपले होते. एक गोळी, काय होतंय, सकाळपर्यंत उतरेल, असं मन सांगत होतं. खरं सांगते, मी पाचेक मिनिटं तशीच उभी राहिले. ती पाच मिनिटं मला आजही आवडत नाहीत. मग रेसिडेंट डॉक्टरांना उठवलं. त्यांनी ओरडण्याआधी बाबांचं बीपी बघितलं, पायाकडची बाजू उंच केली, दर पंधरा मिनिटांनी बीपी घ्यायला सांगितलं. एकदा ते चांगलंच खाली आलं होतं. उजाडेपर्यंत मी स्टूल टाकून तिथेच बसले. बाबा बरे राहिले. इन्चार्ज सिस्टरनी सकाळी माझ्याकडून सगळं लिहून घेतलं, मी बोलणीही खाल्ली. त्याच दुपारी त्यांनी एका आडनावाचे दोन पेशंट शेजारी ठेवायचे नाहीत, असं सगळ्यांना सांगितलं. मी गप्प बसले असते, तर पुढच्या मुलीच्या हातून तेच झालं असतं.

काल जेवताना तू सहज बोलून गेलास की गिऱ्हाइकाला पाठवलेल्या कागदात तुझ्याकडून दर चुकलाय, "कुणाच्या लक्षात येणार नाही." तुझा मित्र शेजारी होता म्हणून मी गप्प राहिले, पण घास उतरला नाही. तो दर धरून समोरचा माणूस माल मागवेल, त्याचे पैसे अडकतील. तुझ्या साहेबांना ते तिसऱ्याच माणसाकडून कळेल.

तक्ता काढून टाकू नकोस. या महिन्यापुरती एकच ओळ ठेव: चूक झाली की त्याच दिवशी सांगायची. पळणं, वाचणं हळूहळू येईल, तुला पुस्तकांची ओढ लहानपणापासून आहेच.

हे पत्र उद्या तुझ्या बाबांच्या हाती पाठवते. बुधवारी ऑफिसात गेल्या गेल्या साहेबांकडे जा. "माझ्याकडून चुकलं, दुरुस्त कागद हा," एवढंच म्हण, कारणं सांगत बसू नकोस. ते रागावतील, रागावू देत. बुधवारी माझी दुपारची ड्यूटी आहे, एकपर्यंत घरीच असेन. सांगून झालं की फोन कर.

तुझी,
आई